न सांगितल्यास सानगडी

आमच्या कॉम्प्युटर रूममध्ये धुळीला बंदी होती. चपला बाहेर, खिडक्या बंद, दाराला स्प्रिंग आणि वर एसी. तुमसरकडच्या त्या कारखान्यात मँगनीजची काळी पूड माणसाच्या कानातसुद्धा सापडायची, पण आमच्या खोलीत नाही. किस्से मात्र कुठून शिरायचे देव जाणे! एक बाहेर पडला नाही की दुसरा आत यायचा आणि एसीत थंडगार होऊन मुक्काम ठोकायचा. आता मला रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, तरी जुन्यांपैकी कुणी भेटलं की पहिला चहा संपायच्या आत आम्ही पुन्हा त्या खोलीत जाऊन बसलेलो असतो.

गोष्ट पंच्याऐंशीच्या आगेमागेची. खोलीत आम्ही तिघं. मी डेटा एन्ट्रीला. भंडारा शहरातली, तोंडाने फटकळ, अशी माझी ख्याती. दुसरे राहांगडाले बाबू, बपेऱ्याचे, पन्नाशी ओलांडलेले. सगळ्या कारखान्याच्या शिफ्टचा तक्ता टाइम ऑफिसात बसून हाताने लावण्यात त्यांची उमर गेली होती. आणि तिसरा सुधाकर कापगते, सानगडीचा, आमचा प्रोग्रॅमर. शांत, हुशार, दुसऱ्याच्या कामाला हजर. पण स्वतःसाठी काही मागायचं म्हटलं की याची जीभ टाळूला चिकटायची.

या सुधाकरचं लग्न जमत नव्हतं, आणि त्याला कारण मंडई. पुण्यामुंबईकडे मंडई म्हणजे भाजीबाजार. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते, प्रत्येक गावाची आपापल्या ठरलेल्या दिवशी. दुकानं, पाळणे, दुपारी दंडारीचा नाचगाण्यांचा खेळ, रात्री नाटक आणि घरोघर पाहुणे. पोरगी बघणं, पोरगा दाखवणं, सोयरीक पक्की करणं, सगळं त्याच गर्दीत उरकून घेतात. त्या दिवशी जो पोरगा घरी नाही त्याचं ते वर्ष गेलं!

सुधाकर सलग दोन मंडया ड्यूटीवर होता. पहिल्या वेळी राहांगडाले बाबूंनी सगळ्यांच्या शिफ्टच्या अदलाबदल्या लावून दिल्या आणि शेवटी बसायला हाच उरला. दुसऱ्या वेळी तर पाहुणे घरी येऊन बसले. घरच्यांनी फोटो दाखवला, चिवडा दिला. पाणी द्यायला शेजारचा पोरगा आला, आणि पाहुण्यांनी त्यालाच पसंत केलं! त्या लग्नाला सुधाकर आहेर घेऊन गेला होता. परत आल्यावर मी विचारलं, वाईट नाही वाटलं? तो म्हणाला, "पानी थंड होतं म्हने त्याचं." एवढंच बोलून तो कामाला लागला. मला मात्र दिवसभर घास गोड लागला नाही.

*

शिफ्टचा तक्ता लावायचं पॅकेज पुण्याच्या एका फर्मने बनवलेलं होतं. ते बसवायला केतकर नावाचा तरुण इंजिनियर आला होता. गोरा, चष्मेवाला, बोलायला लागला की थांबायचा नाही.

त्याने समजावलं ते असं. मूळ पॅकेज सगळ्या कारखान्यांना सारखंच. आपल्याला जे वेगळं हवं असेल त्याचे छोटे तुकडे आपण लिहायचे आणि मूळ पॅकेजला जोडून नवं पॅकेज बांधायचं. हल्लीची पोरं त्याला प्लगइन आणि बिल्ड म्हणतात. आम्ही 'जोड' आणि 'बांधणी' म्हणायचो. बांधणी सुरू करतानाच त्या जोडला आपले पॅरामीटर सांगायचे. सुट्टीचा वार कोणता, शिफ्ट किती तासांची, वगैरे. जे आपण सांगणार नाही तिथे पॅकेज आपल्या मनाचं घालतं, त्याला डिफॉल्ट म्हणायचं. आणि एकदा बांधणी झाली की झाली. काही बदलायचं तर फ्लॉप्या आतबाहेर करत पुन्हा पहिल्यापासून सगळं.

राहांगडाले बाबूंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की हे मराठीत केव्हा सांगणार. केतकर मराठीतच बोलत होता, त्यामुळे त्याचा चेहरा पडला.

सुधाकर आम्हा सगळ्यांना गेटबाहेरच्या टपरीवर घेऊन गेला. राहांगडाले बाबूंनी कमी साखरेचा सांगितला, मी अद्रकवाला, सुधाकरने बिनदुधाचा. केतकर घड्याळाकडे पाहत होता, तो काहीच बोलला नाही. चहा आले. केतकरने पहिला घोट घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. एवढी साखर कुणी घालतं का, म्हणून तो टपरीवाल्यावर उखडला.

सुधाकर त्याला हळूच म्हणाला, "तुम्ही सांगतलं नाही, सर. डिफॉल्ट आला."

राहांगडाले बाबूंनी कप खाली ठेवला. म्हणाले, "हात्तिच्या, एवढंच होय!" त्यानंतर त्यांना पॅरामीटर म्हणजे काय ते कधी पुन्हा सांगावं लागलं नाही.

*

पहिली बांधणी केतकरने स्वतःच्या हाताने केली, मोठ्या दिमाखात. प्रिंटर अर्धा तास करकरत होता. तक्ता नोटीस बोर्डावर लागला, लोक गोळा झाले, आणि थोड्याच वेळात गर्दीतून हसण्याचा आवाज यायला लागला.

झालं होतं असं की केतकरने साप्ताहिक सुट्टीचा पॅरामीटर दिलाच नव्हता. पुण्याच्या कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते, म्हणून पॅकेजचा डिफॉल्ट गुरुवार. आमच्याकडे सुट्टी आळीपाळीने, कारण भट्टी रात्रंदिवस पेटलेली. तक्त्यात गुरुवारी सगळा कारखाना घरी! फोरमन घरी, क्रेनवाले घरी, गेटवरचा गुरखासुद्धा घरी.

भट्टीचे फोरमन बोपचे तक्त्याचा कागद हातात घेऊन आमच्या दारात आले. चपला काढल्या, घाम पुसला आणि केतकरला अगदी अदबीने म्हणाले, "साहेब, भट्टीले बी सुट्टी देल्ली, चांगलं केलं. बिचारी कधीची थकली हाये. आता तिले विझाले बी तुम्हीच सांगा, आमचं नाही आयकत ते."

केतकरने त्या दिवशी दुपारचा डबा उघडला नाही. मग मीच त्याला माझ्यातली अर्धी पोळी दिली. पोरगं घरापासून लांब आलेलं, चुकलं तर चुकलं.

*

राहांगडाले बाबूंची खरी तक्रार वेगळी होती. ते म्हणायचे की तुमच्या मशीनला माणसाचं नाव माहीत आहे, नंबर माहीत आहे, पण माणूस माहीत नाही. हाताने तक्ता लावताना ते काय काय पाहायचे! कुणाची बायको बाळंतपणाला टेकली आहे, कुणाचा धान कापणीला आला आहे, कोण कुणाशी बोलत नाही.

हे शेवटचं फार महत्त्वाचं. क्रेनवर नत्थू आणि दसाराम असे दोघे साडभाऊ, म्हणजे साडू होते. एका लग्नात मानपानावरून त्यांचं वाजलं आणि बोलणं बंद झालं. एक वर क्रेनमध्ये, दुसरा खाली इशारा देणारा, आणि दोघांचा अबोला! वरचा खालच्याकडे पाहायचाच नाही. एकदा कढईभर कढत माल अधांतरी लटकत राहिला. मशीनने मात्र दोघांना पुन्हा पुन्हा एकाच शिफ्टला टाकलं.

सुधाकरने दोन दिवस डोकं खाजवलं आणि एक नवी जोड लिहिली. तिला दोन नावं पॅरामीटर म्हणून द्यायची, की ते दोघं कधीच एका शिफ्टला येत नसत. त्या जोडला त्याने नाव दिलं 'अबोला'.

महिना झाला. एक दिवस नत्थू आणि दसाराम जोडीने दारात उभे. आता आमचं जमलं आहे, आमचा अबोला काढा. सुधाकरने अर्धा दिवस घालवून काढला. पंधरवड्याने नत्थू एकटाच आला, खाली मान घालून. मी विचारलं काय झालं. तो म्हणाला, "अजून टाका, मॅडम."

केतकर पुढच्या खेपेला आला तेव्हा जोडांच्या यादीत त्याला 'अबोला' दिसला. हा काय पोरखेळ, म्हणून तो हसला. पण जाताना त्याने ती जोड गुपचूप फ्लॉपीवर उतरवून नेली. सहा महिन्यांनी त्याचा फोन आला, आणि त्यात तो जरा चाचरत बोलला. त्यांच्या इतर गिऱ्हाइकांकडे सगळ्यात जास्त चालणारी जोड म्हणे हीच होती. पुण्यात तर शिफ्टला लावायला माणसं उरत नाहीत, तिथे एकेकाचे दहा-दहा अबोले!

*

दिवाळी जवळ आली तसा मंडईचा प्रश्न उभा राहिला. आमचे वर्क्स मॅनेजर घोष साहेब आसनसोलचे. शिस्तीचे कडक, मनाने बरे, पण दर वर्षी दिवाळीनंतर त्यांचं डोकं फिरायचं. आज आंबागडची मंडई, की आंबागडच्या सगळ्यांचं पोट दुखणार. उद्या आणखी कुठल्या गावची, की त्या गावाचं पोट. दवाखान्यात ही रांग! मंडईची सुट्टी कुठल्याच सरकारी यादीत नाही, म्हणून हेड ऑफिस ती मानायला तयार नाही, आणि लोक मंडई सोडायला तयार नाहीत.

सुधाकरने मंडईची जोड लिहिली. कामगाराचं गाव आणि त्या गावच्या मंडईचा दिवस हे तिचे पॅरामीटर. आंबागडची मंडई असली की तिथल्यांना साप्ताहिक सुट्टी त्या दिवशी मिळायची आणि बपेऱ्याचे त्यांच्या जागी उभे राहायचे. बपेऱ्याच्या मंडईला उलट. घोष साहेबांना ते बेहद्द आवडलं, कारण सुट्टी तेवढीच, फक्त जागेवर पडलेली.

पुढे मंडया सुरू झाल्यावर एक दिवस दवाखान्याचा कंपाउंडर आमच्या खोलीत डोकावला. चेहरा काळजीचा. एकही पेशंट नव्हता म्हणे सकाळपासून. त्याने हळूच विचारलं, "यंदा मंडई रद्द झाली का जी?"

आता यात एक गोम होती. प्रत्येक पॅरामीटरला काहीतरी डिफॉल्ट द्यावंच लागायचं, नाहीतर बांधणी अडून बसायची. गाव नाही सांगितलं तर कोणतं गाव धरायचं? सुधाकरने आपलंच घातलं. न सांगितल्यास सानगडी. त्याला ते फार सोयीचं वाटलं, कारण आता स्वतःच्या नावापुढे काहीच भरायची गरज नव्हती. मंडईला सुट्टी मिळणार आणि ती मागावी लागणार नाही! त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा शीळ वाजवताना ऐकलं.

*

गावं मशीनमध्ये भरायचं काम माझं. सगळी गावं सरळ गेली, एक सोडून. गणपत नावाचा एक हेल्पर होता, त्याच्या गावाच्या नावात शेवटी 'खुर्द'. पॅरामीटर देताना मध्ये मोकळी जागा आली की मशीनला वाटायचं एक संपला, दुसरा सुरू झाला. मग ते 'खुर्द' हा मंडईचा दिवस समजायचं, असा दिवस कुठल्या महिन्यात येतो ते शोधत बसायचं आणि शेवटी हात टेकायचं. चार वेळा बांधणी कोसळली.

मी गणपतला बोलावून सांगितलं की बाबा, तुझ्या गावामुळे सगळा कारखाना अडला आहे. माझा स्वर जरा चढलाच असेल. गणपत उंबरठ्याबाहेर टोपी काढून उभा राहिला. बराच विचार करून म्हणाला, "गावाचं नाव बदलवून देऊ का मॅडम? सरपंच माहा मामेभाऊच हाये."

सुधाकर हसता हसता खुर्चीवरून पडायचा राहिला. मग त्याने जोडच दुरुस्त केली. गाव तसंच राहिलं.

*

दिवाळीच्या आधी एक दिवस सुधाकरची माय कारखान्याच्या गेटवर येऊन थडकली. सानगडीहून एसटी बदलत बदलत, डोक्यावर गाठोडं. तिला ते मशीन पाहायचं होतं, ज्याने तिच्या मते तिच्या पोराला दोन मंडया घरी येऊ दिलं नाही.

घोष साहेबांनी परवानगी दिली. ती बाहेर चपला काढून आत आली, मशीनभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, "इतकुसंच हाये?"

मग गाठोडं सोडलं. तांदळाचे पापड, अनारसे, मिरचीचा ठेचा. कुणाला काय हवं हे तिने विचारलं नाही. ज्याच्या पुढ्यात जे ठेवलं ते त्याने खायचं. राहांगडाले बाबूंना तिखट चालत नाही, पण त्यांनी मुकाट्याने ठेचा खाल्ला आणि डोळे पुसले. माझ्या हातात बांगड्या कमी का, हेही तिने मला विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता दोन चढवल्या. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिच्या हाताला चुलीचा वास होता, आणि माझी आई जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं.

यंदा मुलगी लाखनीकडची होती, वत्सला नावाची, शाळेत मास्तरीण. सानगडीत तिची मावशी राहायची, तिच्याकडे ती मायबापासोबत मंडईला येणार होती आणि तिथूनच यांच्या घरी. मायने सगळं ठरवून टाकलं होतं. लग्नानंतर शाळा सोडायची, कारण लाखनी लांब पडते. डोक्यावर पदर पाहिजे. रोवणीला, म्हणजे भातलावणीला, बांधीत उतरता आलं पाहिजे. सुधाकर मान खाली घालून पापड मोडत होता. मी त्याला विचारलं की तुझं काय म्हणणं? तो काही बोलायच्या आत माय म्हणाली, "त्याले काय विचारतेस बाई? त्याचं म्हननं मले माहीत हाये."

जाताना दारात थांबून तिने मशीनकडे बोट केलं आणि मला बजावलं, "याले सांगून ठेव. यंदा पोरगा घरी नाही आला, त मी याच्यावर पानी टाकीन."

*

आणि मग लागला तो दिवाळीनंतरचा तक्ता.

सकाळीच घोष साहेब तक्ता घेऊन आत आले. रागाच्या भरात चपला काढायलासुद्धा विसरले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. एकाच दिवशी सुट्टी: घोष, वर्क्स मॅनेजर. रेड्डी, केमिस्ट. डिस्पेन्सरीचे डॉक्टर. सिक्युरिटी ऑफिसर. मी. आणि सुधाकर कापगते.

माझ्या लगेच लक्षात आलं. या बाहेरच्या लोकांना आणि मला शहरातलीला मंडईचं गावच नव्हतं. मी ते रकाने रिकामे सोडले होते. न सांगितल्यास सानगडी!

घोष साहेबांनी हुकूम दिला की त्या दिवसाच्या सगळ्या सुट्ट्या रद्द, पुन्हा बांधणी करा, हे सगळे लोक त्या दिवशी कामावर पाहिजेत. सगळे म्हणजे सगळे.  सुधाकर नुसता उठला आणि कपाटातून फ्लॉप्या काढायला लागला. पाठमोरा होता, तरी त्याचे कान लाल झालेले मला दिसले.

माझ्याच्याने राहवलं नाही. मी घोष साहेबांना म्हटलं की या पोराने प्रत्येक गावाला आपापला दिवस मिळवून दिला, आणि स्वतःचे दोन घालवले. या तिसऱ्या मंडईला मुलगी येणार आहे. या वेळीही तो घरी नसला तर शेजारच्या घरात आता दुसरा पोरगा तयारच आहे. 

घोष साहेबांनी राहांगडाले बाबूंकडे पाहिलं. बाबूंनी सांगितलं की त्या दिवशी बपेऱ्याचे आणि आंबागडचे मिळून सगळं सांभाळतील, सुधाकरचं काम म्हटल्यावर कुणी नाही म्हणणार नाही. ते स्वतः गेटवर उभे राहतील. भट्टीवर बोपचे आहेतच. नत्थू आणि दसाराम सध्या बोलत आहेत.

साहेबांनी तक्ता टेबलावर ठेवला. मग खाली वाकून त्यांनी चपला काढल्या आणि हातात धरल्या. म्हणाले, "लड़की पढ़ी-लिखी है?"

मी म्हटलं, मास्तरीण आहे.

"फिर कैंसल मत करो," साहेब म्हणाले. "मेरा भी तो छुट्टी लगा है. ये सानगड़ी कितना दूर है?"

त्या दिवशी आम्ही कारखान्याच्या जीपने गेलो. घोष साहेब, रेड्डी, मी. डॉक्टर आणि सिक्युरिटी ऑफिसर मागे दाटीवाटीने. साकोलीच्या पुढे दोन्ही बाजूंना धान पिवळा झालेला, आणि गावात शिरताच पाळण्यांची करकर. सुधाकर आदल्या दिवशीच पोचला होता. आम्हाला दारात पाहून तो घाबरलाच, त्याला वाटलं भट्टी बंद पडली.

आत पाहुणे बसलेले होते. वत्सला आईशेजारी, सरळ बसलेली, हातात रुमाल. वडील जरा बावरले. एका पोराला दाखवायला इतके साहेब? माय मात्र खूश. तिने सगळ्यांपुढे उकडलेल्या सिंगाड्यांची ताटं ठेवली आणि आपलं बोलणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू केलं. शाळा लांब पडते, तर ती सोडायचीच आहे. पदर तर घ्यावाच लागतो आमच्यात. पहिल्या वर्षी रोवणी शिकून होते. वत्सलाचे वडील प्रत्येक गोष्टीला मान हलवत होते. सुधाकर जमिनीकडे बघत होता. मी मनात म्हटलं, बोल रे बाबा, एकदा तरी बोल!

तेवढ्यात वडिलांनी घोष साहेबांना अदबीने विचारलं की आपण इकडे कसे. साहेबांना सिंगाडे भलतेच आवडले होते. त्यांनी खुशीत सगळी गोष्ट सांगितली. मशीनला बांधणीच्या आधी सांगायचं असतं की आपलं काय काय वेगळं आहे. नाही सांगितलं तर ते आपल्या मनाचं घालतं. आम्ही नाही सांगितलं, म्हणून त्याने आम्हाला इथे पाठवलं! सगळे हसले. मायसुद्धा तोंडाला पदर लावून हसली आणि आणखी सिंगाडे आणायला आत गेली.

वत्सला हसली नाही. तिने सुधाकरकडे पाहिलं, चांगलं टक लावून, आणि विचारलं, "बांधनी झाल्यावर काही बदलता येत नाही?"

 तिच्या आईने तिला कोपराने ढोसलं.

"येते," सुधाकर म्हणाला. कामाचं विचारलं की त्याची जीभ सुटायची. "पन मंग सगळं खोलून पहिल्यापासून करावं लागते. लय तरास होते. म्हून आधीच सांगाचं."

"अन् जे आधी नाही सांगतलं, ते?"

"ते डिफॉल्ट."

"डिफॉल्ट कोन ठरवते?"

 सुधाकरची नजर गेली ती स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथे माय सिंगाड्यांचं ताट घेऊन उभी होती. वत्सलानेही तिकडे पाहिलं. मग तिने रुमालाची घडी केली, मांडीवर ठेवली आणि पाठ ताठ करून बसली.

"मंग पेन काढा," ती म्हणाली. "मले बराच वेळ लागन."